लेकीच्या लग्नाची पैठणी



वर्धापनदिनानिमित्त मी चार शब्द बोलावे असे सर्वांनी ठरविले. मी काही वक्ती नव्हे, शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात घडले तेच सांगते. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या थोरलीचे लग्न झाले. आमच्याकडे अष्टपुत्री मामा आणतो. ती पिवळी साडी माझ्या भावाने बाराशे रुपयांत आणली, त्याबद्दल काही सांगण्यासारखे नाही. घोडे अडले ते पैठणीपाशी. लेकीच्या मनात पैठणी होती आणि तीही खरी. आमची स्थिती आपण जाणताच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची हापूसची चौदा कलमे आडवी झाली. नवी लावली आहेत, पण कलम धरून हाती पैसा यायला वर्षे जातात. अमसुले, कुळीथपीठ विकून माझ्यापाशी अकरा हजार साठले होते, तेवढेच.

मी आणि लेक रात्रीच्या एसटीने मुंबईस गेलो. खरी येवल्याची, हातमागावरची पैठणी पाहिली, तिची किंमत ऐकून मी पदर सोडूनच दिला. मग दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथे गादीवर बसविले, सरबत दिले. "ताई, शुद्ध रेशीम आहे, तुमच्यासाठी अकरा हजार." लेकीचा चेहरा फुलला. मी पदरची गाठ सोडली.

घरी जाऊबाईंनी पदर उलटा करून पाहिला आणि गप्प राहिल्या. हातमागाच्या पैठणीत मोर उलट्या बाजूनेही तसाच दिसतो. आमच्या मोराच्या पाठीवर मोकळे धागे लोंबत होते. जाऊबाईंनी गोंड्यातला एक धागा काढून निरांजनावर धरला. खरे रेशीम जळले तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. आमचा धागा वितळला नि त्याची कडक गुठळी झाली. बिल पाहिले तर त्यावर नुसते "फॅन्सी साडी" लिहिलेले. फोन केला, तर म्हणाले विकलेला माल परत घेत नाही. रेशमावर सिल्क मार्कची चिठ्ठी असते, ती योजना २००४ पासून आहे, हे मला त्यानंतर कळले. यंत्रमागाची साडी वाईट असे मी म्हणत नाही, पण ती यंत्रमागाची म्हणून, त्या भावात विकावी.

चार दिवस मला अन्न गेले नाही. आमच्या ह्यांना सांगितले नाही. लेकीला तर मुळीच नाही, पण तिने ती गुठळी निरांजनाच्या ताटात पाहिलीच. रागावली नाही. म्हणाली, "आई, तुझा शालू काढ."

माझा शालू वीस-बावीस वर्षे ट्रंकेत एकाच घडीत पडलेला. उघडला तो घडीघडीवर चिरलेला! (शालूची घडी दर सहा महिन्यांनी मोडून नवी घालावी, हे मला आईने सांगितले होते, मी आळस केला.) काठ आणि पदर मात्र शाबूत होते. आपल्या मंडळातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ते हलक्या हाताने उतरविले आणि मोरपिशी रंगाच्या साध्या रेशमावर लावून दिले. कापड आणि मजुरी मिळून साडेचार हजार झाले. ते भिशीतून उचलले, अजून फेडते आहे. विहीणबाईंनी मांडवात विचारले, "कुठून घेतलीत हो?" लेकच म्हणाली, "आईकडून."

त्या बाईंचे नाव मी येथे घेत नाही, कारण त्या लाजतात. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ज्यांना जुना काठ उतरवून घ्यायचा असेल त्यांनी लग्नसराईच्या दोन महिने आधी सांगावे, आयत्या वेळी त्या हात लावीत नाहीत.

आणि ती अकरा हजारांची पैठणी आज मी नेसून आले आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पदराची उलटी बाजू खुशाल पाहावी.