जुना रंग, नवी धूळ
(पालक व रंगकामगारांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज या सभेत रंगारी बांधव बरेच आहेत आणि बालवाडीत मुले पाठविणाऱ्या माताही आहेत. दोघांच्याही घरापर्यंत पोहोचणारा एक विषय मी बोलण्यासाठी घेतला आहे. तो म्हणजे जुन्या रंगातले शिसे.

रंगात शिसे असते हे जुन्या रंगाऱ्यांना सांगायला नको. पूर्वीचा अस्सल सफेदा म्हणजे शिशाचा कार्बोनेट. लोखंडाला गंज धरू नये म्हणून पहिला हात दिला जाई तो शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. झगझगीत पिवळा आणि नारिंगी ऑइलपेंट शिशाच्या क्रोमेटने खुलत असे. रंग लवकर सुकावा म्हणूनही शिशाचे क्षार घालत. चुन्याच्या भिंतीत ही भानगड नाही. भीती आहे ती ऑइलपेंटची, म्हणजे दारे, खिडक्या, गज यांची, आणि शाळेत भिंती मळू नयेत म्हणून खालच्या तीन-चार फुटांना आपण जो पट्टा मारतो त्याची. मुलांचे हात पोहोचतात ते नेमके तिथेच.

शिसे शरीरात गेले की कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही अधिक. मेंदू घडण्याच्या वयात त्याने जे नुकसान होते ते पुढे भरून येत नाही. अमुक इतके शिसे चालेल, असे सुरक्षित प्रमाण अद्याप कोणाला सापडलेले नाही. मुलाला ताप येत नाही, पुरळ येत नाही. ते फक्त वर्गात मागे पडते आणि आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो. ज्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शाळेत घातली, त्यांनी ही गोष्ट हलकी मानून कशी चालेल?

हे ज्ञान आजचे नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी १९०४ सालीच दाखवून दिले होते की मुलांना शिशाची बाधा होते ती व्हरांड्याच्या रंगविलेल्या कठड्यांमुळे. उन्हाने रंगाची भुकटी होई, ती हाताला लागे आणि हात तोंडात जाई. त्या प्रांताने १९२२ मध्ये मुलांचे हात पोहोचतील अशा जागी असा रंग लावण्यास कायद्याने बंदी केली. अमेरिकेला घरगुती रंगातील शिसे बंद करायला १९७८ साल उजाडले. श्रीमंत देशही किती उशिरा जागे होतात पाहा!

पण अमेरिकेकडून शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. नवा रंग सुधारला तरी भिंतीवरचा जुना रंग कुठे जातो? तो अखंड असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. रंगारी पत्रा आणि काचपेपर घेऊन खरवडायला लागला की त्याची धूळ होते. म्हणजे मुलांसाठी खोली नवी करायला जावे आणि तिथेच विष मोकळे व्हावे, अशी गत होते. म्हणून तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली दुरुस्ती आणि रंगकामावरच नियम केला आणि २२ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

या नियमात मुलांची जागा कोणती, हे दारावरची पाटी पाहून ठरत नाही. इमारत १९७८ पूर्वीची असावी आणि सहा वर्षांखालील एकच मूल तिथे आठवड्यातून निदान दोन दिवस, दर वेळी तीन तास, आठवड्याला सहा तास आणि वर्षाला साठ तास येत असावे, एवढे पुरे. मला ही व्याख्या फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे बालवाडी कधी समाजमंदिरात भरते, कधी कोणाच्या पडवीत. कागदोपत्री ती शाळा नसेल, पण मूल तिथे रोज जमिनीवर बसते ना?

अशा जागी आत एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा किंवा बाहेर वीस चौरस फुटांपेक्षा जास्त जुना रंग हलवायचा असेल, तर शिक्षण घेतलेला माणूस लागतो. हे शिक्षण आठ तासांचे असते. काम सुरू होण्यापूर्वी मालकाला माहितीपुस्तिका द्यावी लागते आणि पालकांना कळवावे लागते. जमिनीवर कामाच्या पुढे सहा फुटांपर्यंत प्लॅस्टिक अंथरायचे, दारे बंद करायची, खोलीत कोणाला फिरकू द्यायचे नाही. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग जाळण्यास सक्त मनाई आहे, कारण त्या उष्णतेने शिशाची वाफ होते आणि ती सरळ छातीत जाते. धूळ ओढून घेणारी सोय नसेल तर घासण्याचे यंत्रही चालत नाही. शेवटी ओल्या फडक्याने जमीन पुसायची, ते फडके ठरलेल्या कार्डाशी ताडून पाहायचे आणि स्वच्छ ठरले तरच खोली मुलांना द्यायची. कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवायची.

आपल्या देशात २०१६ साली नियम निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे घालण्यास बंदी झाली. नियम चांगला आहे, पण तो डब्याचा आहे. भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाचे आणि तो खरवडण्याचे त्यात काही नाही. एका शाळेत मी पाहिले आहे की एका वर्गात रंगारी कोरडा काचपेपर मारीत होता आणि शेजारच्या वर्गात, मधले दार उघडे ठेवून, मुले डबा खात होती. त्या रंगाऱ्याने तोंडाला फडकेसुद्धा बांधले नव्हते. संध्याकाळी तो त्याच कपड्यांनी घरी जाऊन आपल्या लेकराला उचलून घेणार. म्हणून रंगारी विरुद्ध पालक असा हा वाद नाही. रंगाऱ्याचे मूलही त्यातच आले.

सरकारने असा नियम करावा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर संस्थेने रंगकामाचे कंत्राट देताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. काम सुटीत व्हावे. ऑइलपेंट पाणी मारूनच घासावा, जाळू नये. खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि ते खरवड्यासकट गुंडाळून, बांधून न्यावे. केरसुणी न फिरवता साबणाच्या पाण्याने दोन वेळा पुसून मगच खोली ताब्यात द्यावी. रंग जिथे पक्का बसला आहे तिथे तो न उखडता वरून नवा हात दिला तरी भागते. या सगळ्याला एखादा दिवस जास्त लागेल. त्या दिवसाची मजुरी रंगाऱ्याच्या खिशातून जाऊ नये, ती संस्थेने अंदाजपत्रकात वेगळी धरावी. नाहीतर नियम कागदावर राहील आणि काचपेपर कोरडाच चालेल.

रंगारी बांधवांपैकी कोणाला काही विचारायचे असेल तर सभा संपल्यावर मी इथेच आहे.