मोटर आधी, पंखे मागून

बुटीबोरीत मे महिन्यात वीज गेली की पहिली आठवण कुलरची. दोन पंखे 150 वॉट, कुलर 200, फ्रिज 150, बेरीज 500. मग एक किलोवॉटचा जनरेटर पुरेल? पाण्याची मोटर आठवेपर्यंत पुरेल! एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट, पण ती शाफ्टवर मिळणारी ताकद. मोटर वीज खाते हजारेक वॉट, आणि सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. जनरेटर गुदमरतो तो तिथंच. म्हणून मोटरच्या चालू भाराच्या तिप्पट तरी क्षमता धरा. पाटीवर केव्हीए असेल तर साधारण 0.8 ने गुणा, किलोवॉट निघतील. आधी मोटर सुरू करा, पंखे मागून. जनरेटर मात्र उघड्यावर, खिडकीपासून लांब. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.