मुलांचा संगणक कुणाच्या बाजूने असावा?

(मोहल्ल्यातील अभ्यासिकेच्या पालक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





आपल्या अभ्यासिकेला आठ जुने संगणक मिळाले आहेत. पुढच्या महिन्यापासून पहिली ते दहावीची मुलं-मुली ते वापरू लागतील. आजची सभा वेळापत्रक ठरवण्यासाठी बोलावली आहे. पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: या संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालायची? हे काम दुरुस्ती करणाऱ्या मुलावर सोपवून मोकळं व्हावं, असं तुम्हाला वाटेल. माझं म्हणणं आहे की हा प्रश्न पालकांचा आहे, आणि त्यातही मुलींच्या पालकांचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे आधी साध्या भाषेत सांगतो. संगणक सुरू केला की बाकीच्या प्रोग्रामच्या आधी ती जागी होते. मग चित्र काढायचा प्रोग्राम असो की इंटरनेट पाहायचा, सगळे तिच्या परवानगीने चालतात. कॅमेरा, माइक, साठवलेले फोटो, बाहेरचं इंटरनेट, या सगळ्यांच्या चाव्या तिच्याकडे असतात. सोसायटीच्या वॉचमनसारखी समजा. आता वॉचमन तुमच्या गेटवर उभा आहे, पण रोज कोण आलं, कोण गेलं, किती वाजता गेलं याची वही तो दुसऱ्या कुणाला नेऊन देत असेल, तर त्याला आपण आपला वॉचमन म्हणू का?

ही वही आज जगात विकली जाते. आपल्या समाजाशी थेट संबंध असलेलं एक उदाहरण सांगतो. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं 'मुस्लिम प्रो' हे ॲप जगभर कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या वृत्तस्थळाने एक बातमी दिली. या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. ॲपच्या चालकांनी, आम्ही लष्कराला माहिती विकली नाही, असं सांगितलं आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोड आणि तिच्या वारसदार कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. पण तोवर जी माहिती गेली ती गेली. किब्ला शोधणाऱ्या माणसाला आपला पत्ता आपण कुणाला देत आहोत, याची कल्पनाही नव्हती.

दुसरी गोष्ट तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमने तो प्रकार थांबला नसता, हे मी स्पष्ट सांगतो. मी आठवण काढतो ती त्यानंतर घराघरांत जे झालं त्यासाठी. किती तरी घरांत मुलींचे फोन काढून घेतले गेले. ऑनलाइन तासाला बसलेल्या मुलीला कॅमेरा बंद कर म्हणून सांगितलं गेलं. बदनामी करणारे वेगळेच होते, शिक्षा मात्र आपल्या मुलींना मिळाली. बाहेरच्यांनी घाबरवलं आणि दार आपणच लावून घेतलं.

आज पालकांसमोर दोनच रस्ते आहेत असं चित्र उभं केलं जातं. एक, मुलाच्या हातात फोन द्या आणि काय व्हायचं ते होऊ द्या. दोन, मुलीला स्क्रीनच्या जवळ जाऊ देऊ नका. दुसऱ्या रस्त्याला आपण संस्कार म्हणतो, पण त्याचा खर्च मुलीच्या शिक्षणातून वसूल होतो. दहावीनंतर प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. जिने कधी माउस धरलेला नाही तिचा अर्ज भाऊ भरतो किंवा सायबर कॅफेवाला भरतो, आणि तिचा पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो.

तिसरा रस्ता आहे आणि तो नवीन नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवण्याची कल्पना मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' हे त्या प्रकल्पाचं नाव. त्या लॅपटॉपसाठी 'शुगर' नावाची वेगळी प्रणाली तयार झाली. ती लिनक्सवर चालणारी, मुलांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आणि कुणालाही तपासता, बदलता, वाटता येईल अशी आहे. २००८ पासून 'शुगर लॅब्ज' हा स्वयंसेवकांचा गट ती सांभाळतो. आपल्याकडे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत परिसरातल्या एका लहान शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप वापरून पाहिले गेले होते.

शुगर सुरू करताना फोन नंबर किंवा ई-मेल द्यावा लागत नाही. ती नाव विचारते, पण ते टोपणनाव असलं तरी चालतं. मग मुलाला आपल्या आवडीचे रंग निवडायला सांगते. फाइल आणि फोल्डरची भानगड नाही. मुलाने काढलेलं चित्र, लिहिलेला निबंध, सोडवलेलं गणित एका रोजनिशीत तारखेनुसार आपोआप जमा होतं, आणि ती रोजनिशी त्याच संगणकात राहते. शेजारच्या संगणकावरच्या मैत्रिणीसोबत एकच चित्र किंवा लेख मिळून करता येतो. जाहिरात नाही. आणखी पाच मिनिटं थांब, असं सांगणारी घंटी नाही.

त्या लॅपटॉपच्या सुरक्षेचा आराखडाही वाचण्यासारखा होता. 'बिटफ्रॉस्ट' हे त्याचं नाव, २००७ चा आहे. त्यातली एक कल्पना मला फार आवडते. कॅमेरा किंवा माइक चालू असेल तर शेजारचा दिवा लागलाच पाहिजे. त्यामुळे आपल्याला पाहिलं किंवा ऐकलं जातंय की नाही, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. दुसरी कल्पना अशी की प्रत्येक प्रोग्रामने आपापल्या खोलीत राहायचं. फोटो पाहायचा प्रोग्राम असेल तर त्याने फोटो पाहावेत, ते घेऊन इंटरनेटवर जाण्याचं त्याला काय काम?

या प्रकल्पाने चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. लॅपटॉप शंभर डॉलरला कधी मिळालाच नाही, किंमत त्याच्या दुपटीच्या आसपास गेली. पेरूमध्ये लाखो लॅपटॉप वाटले गेले. तिथल्या शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गणित आणि भाषेचे गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. संगणक वाटला म्हणजे तालीम झाली असं होत नाही. शिकवणारं माणूस लागतंच. म्हणून या आठ संगणकांइतकीच मला इथे रोज दोन तास बसणाऱ्या दोन ताई हव्या आहेत.

पण यंत्र मुलाची माहिती बाहेर न पाठवता मुलाच्या उपयोगी पडू शकतं, हे त्या प्रयोगातून नक्की दिसलं. आणि ते फक्त प्रयोगात राहिलेलं नाही. केरळ राज्यात सरकारी शाळांतलं संगणकशिक्षण गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. 'काइट' ही तिथली सरकारी संस्था लिनक्सची स्वतःची आवृत्ती शाळांना पुरवते, शिक्षकांना प्रशिक्षण देते.

आता कुणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीलायक संमती लागते. मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याचं स्वागत करू. पण कायदा चोरी झाल्यावर कामाला लागतो, आणि त्यासाठी आधी आपल्याला चोरी झाल्याचं कळावं लागतं. जी माहिती कधी जमाच झाली नाही ती फुटत नाही, विकली जात नाही आणि उद्या कुणाच्या यादीतही जात नाही. याद्यांची भीती काय असते, हे या मोहल्ल्यात मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

एका सूचनेबद्दल बोलतो. काही पालकांनी सुचवलं आहे की संगणकांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम घालावा, म्हणजे मुलं काय टाइप करतात ते घरी फोनवर दिसेल. काळजीपोटी सुचवलंय, मला मान्य आहे. पण असे बरेच प्रोग्राम मुलाचा प्रत्येक शब्द आधी त्या कंपनीच्या संगणकावर पाठवतात, मग तुम्हाला दाखवतात. म्हणजे पहारा ठेवायला आपण आणखी एक परका माणूस घरात आणतो. आणि जी मुलगी पहिल्यांदा पाळीबद्दल, एखाद्या आजाराबद्दल किंवा कुणी त्रास देतंय म्हणून काही शोधू पाहते, ती हा पहारा असताना शोधेल का? ती गप्प बसेल.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. दुसऱ्यांच्या गोष्टींची टेहळणी करू नका, हे कुरआनात सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे. सूरह नूरमध्ये परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका असं सांगितलं आहे. इतकंच नाही, घरातल्या लहान मुलांनीही दिवसाच्या तीन वेळांना मोठ्यांच्या खोलीत विचारून यावं, अशी शिकवण तिथे आहे. आणि आपल्याकडे ठेवलेली दुसऱ्याची वस्तू म्हणजे अमानत. मुलांची माहितीही अमानतच आहे. आपण ती परस्पर कुणाला दिली तर ती खयानत होते. कुणी श्रद्धेने याकडे पाहील, कुणी संविधानाच्या दृष्टीने. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

आता थेट प्रस्ताव ठेवतो. आपल्या जुन्या यंत्रांवर विंडोज १० आहे. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी ही यंत्रं पात्र नाहीत. तिची घरगुती आवृत्ती बसवताना खातंही मागितलं जातं. म्हणून आठही संगणकांवर लिनक्स घालावी. तिला पैसे पडत नाहीत. लहान मुलांच्या चार संगणकांवर शुगर, चित्रांसाठी टक्स पेंट आणि खेळत शिकण्यासाठी जीकॉम्प्री. मोठ्यांच्या चारवर लिहिण्या-हिशेबासाठी लिबरऑफिस. सगळ्यांवर 'किविक्स' घालून मराठी आणि उर्दू विकिपीडिया उतरवून ठेवावा, म्हणजे इंटरनेट नसतानाही वाचता येईल. इंटरनेट फक्त दोन यंत्रांवर, ताई हजर असताना. त्या दोन यंत्रांवर काम संपवून उठल्यावर सगळं पुसलं जाईल अशी सोय करावी. कॅमेरे काढून ठेवावेत. नोंदवहीत नाव, इयत्ता आणि वेळ एवढंच लिहावं. आधार क्रमांक, फोटो काही नको.

मुलगी उद्या आपल्या फोनवर इन्स्टाग्राम उघडेल तेव्हा इथली लिनक्स तिच्यासोबत नसेल. पण इथे तिला एक सवय लागलेली असेल. ही माहिती का मागताय, असं ती विचारेल. ही सवय तिला बँकेत, कॉलेजात, नोकरीत, सासरीसुद्धा उपयोगी पडेल.

शेवटी एकच विनंती. वेळापत्रक करताना संध्याकाळी चार ते सहाची वेळ मुलींसाठी राखून ठेवा, आणि ती मगरिबच्या आधी संपेल असं बघा. आठ संगणकांवर सोळा मुली सहज बसतील. नावं आजच लिहून घेऊ. अम्मींनी पुढे यावं.