दोन गाण्यांचा सांधा

श्रोतेहो, 'डीजे' हा शब्द कानी पडताच तुमच्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली कर्ण्यांची भिंत, थरथरणारी तावदाने आणि गोठ्यात दावे तोडू पाहणारी जनावरे. तरीही आज दहा मिनिटे मी त्याच विषयावर बोलणार आहे. कारण हा शब्द मुळात आपल्या घरातला, म्हणजे रेडिओचाच आहे. डिस्क म्हणजे तबकडी. रेडिओवर बसून एकामागून एक तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला अमेरिकेत 'डिस्क जॉकी' म्हणू लागले आणि त्याचे पुढे डीजे झाले. भिंत मागाहून आली.

मग हा माणूस करतो तरी काय? एक गाणे संपायच्या आत दुसरे अशा बेताने सुरू करतो, की नाचणाऱ्याचा पाय थांबत नाही. दिंडीत एक अभंग संपून दुसरा उचलला जातो तेव्हा पखवाज मध्येच थांबतो का? नाही. चाल बदलते, पण पावले चालूच राहतात. हे काम तबकड्यांवर करायचे, एवढाच फरक.

ही कला वाढली ती अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने छोटा जलसा केला. शाळा सुरू होणार होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. तबकड्या लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ होता, तो कूल हर्क या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात जिथे गायन थांबून नुसते तालवाद्य उरते, तिथे मंडळी खरी नाचतात. पण तो तुकडा काही क्षणांचाच. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. हिप-हॉप संगीताचा उगम लोक त्या रात्रीपासून मोजतात.

पुढे यंत्रे सुधारली. टेक्निक्स या जपानी यंत्राच्या १९७९ च्या नमुन्याला एक सरकपट्टी होती. तिने तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. अडचण एकच. वेग सहा टक्के वाढवला की गाण्याचा सूरही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढे.

आता हे सारे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात संगीताचे काम माझ्या गळ्यात पडले. मी मराठीचा अध्यापक. 'सरांना गाण्याची आवड आहे', एवढाच काय तो माझ्याविरुद्धचा पुरावा! प्रयोगशाळेतला एक जुना कॉम्प्युटर मिळाला आणि त्यावर 'मिक्स' नावाचे सॉफ्टवेअर घातले. इंग्रजीत शोधताना शेवटी तीन एक्स लिहायचे, हे विसरू नका. २००१ साली डॉक्टरेटच्या संशोधनातून निघालेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. शाळेला परवडेल असे आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

ते उघडले की पडद्यावर दोन तबकड्या शेजारी शेजारी दिसतात. एकीवर एक गाणे ओढून टाकायचे, दुसरीवर दुसरे. गाण्याचे चित्र लाटेसारखे उमटते. ठोका पडतो तिथे उंचवटा दिसतो. शेजारी मिनिटाला किती ठोके पडतात, तो आकडा येतो. समजा एकाचे शंभर ठोके आहेत आणि दुसऱ्याचे एकशेचार. मग पहिल्याचा वेग चार टक्के वाढवला की दोघे बरोबर चालू लागले. शाळेतल्या मुलांना शेकडेवारी शिकवायला याहून गोड उदाहरण मला तरी माहीत नाही. सूर चढू नये म्हणून वेगळे बटण आहे. आणि हेही करायचा कंटाळा असेल, तर 'सिंक' हे बटण दाबा. सॉफ्टवेअर गणित स्वतःच करते.

मधोमध एक आडवी सरकपट्टी असते. ती डावीकडून उजवीकडे नेली की पहिले गाणे विरत जाते आणि दुसरे पुढे येते. प्रत्येक गाण्याला तीन खुंट्या असतात, एक खर्जाची, एक मधल्या सुरांची, एक टिपेची. नवशिक्याने एवढे सांभाळावे की दोन्ही गाण्यांचे खर्ज एकाच वेळी वर ठेवू नयेत. एकाच ओसरीवर दोन ढोल वेगवेगळे वाजू लागले तर काय होईल, तेच होते. येणाऱ्या गाण्याचा खर्ज उतरवून ठेवावा आणि सांधा बसला की एकाचा उतरवत दुसऱ्याचा चढवावा. येणारे गाणे आपण आधी हेडफोनवर ऐकायचे असते. साध्या कॉम्प्युटरला आवाजाची वाट एकच असते, म्हणून यूएसबीला लावायचे एक छोटे साउंड कार्ड घ्यावे लागते. एक वाट कर्ण्याला, दुसरी आपल्या कानाला.

इथवर मी आठ दिवसांत पोचलो आणि मला वाटले, जमले!

संमेलनाच्या रंगीत तालमीला लेझीमचे पथक उभे होते. मी एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायचे ठरवले. दोन्हींचे आकडे सारखे. सिंक दाबले, पट्टी सरकवली, आणि चाळीस मुलांचे पाय एकमेकांत अडकले. मी पडद्याकडे पाहतो तर सारे ठीक. ठोक्याखाली ठोका अगदी ओळंब्यात! तेवढ्यात मागे उभा असलेला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, पयलं गाणं आठाचं हाय, दुसरं सहाचं. आठात सहा बसंल कसं?"

तुमच्या ध्यानात आले असेल. पहिला केरवा होता, दुसरा दादरा. सॉफ्टवेअर ठोके मोजते. सम कुठे आहे, हे त्याने मला सांगितले नव्हते आणि मीही ऐकले नव्हते. आठ आणि सहा यांच्या समा चोविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येतात. तोवर लेझीमवाल्याने पाय कुठे टाकावा? जुन्या चित्रपटगीतांचीही अशीच गंमत आहे. ती माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. त्यांची लय किंचित पुढे-मागे होते, आणि सॉफ्टवेअरचा आकडा कधी चुकतो, कधी दुप्पट किंवा निम्माच निघतो. तो हाताने सुधारता येतो, पण त्यासाठी आधी तो चुकला आहे हे कळायला हवे.

त्या मुलाचे वडील भजनात पखवाज वाजवतात. त्याने कॉम्प्युटर हाती घेतला. पहिले गाणे समेवर तोडले, मधे चुलत्याच्या हलगीचा मोबाइलवर टिपलेला तुकडा टाकला आणि त्याच्या शेवटावर सहाचे गाणे उचलले. मुलांनी श्वास घेतला आणि पाय बरोबर पडला. पंधरा मिनिटांत तो माझ्या पुढे गेला होता. मला थोडी लाज वाटली. कारण हाच मुलगा वर्गात मागे बसतो, हाक मारली तर दोनदा मारावी लागते, हंगामात चार-चार दिवस गैरहजर असतो, म्हणून मी त्याला अनेकदा बोललो होतो.

पण त्याच्या सांध्यात एक खोट होती. गाणी कर्कश वाजत. झांजा कानात टोचत. मी पाहिले तर टिपेची खुंटी तो दर वेळी वर चढवायचा. "बाळा, खाली घे," म्हटले तर म्हणे, "सर, झांज ऐकूच येत नाही." मी हेडफोन त्याच्या हातातून घेतला. झांज खणखणीत वाजत होती.

मग हळूहळू बाहेर आले. तीन हंगाम तो डीजेच्या गाडीबरोबर जात होता. वायरी ओढायच्या आणि भिंतीच्या डाव्या अंगाला उभे राहायचे. डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, असे तो म्हणाला. त्याला वाटत होते, सगळ्यांच्याच वाजते. दवाखान्यात नेले. खोलीत बसवून एकेक सूर ऐकवत कान तपासला. डाव्या कानाचे वरचे सूर बरेच गेले होते, उजव्याचे थोडे. डॉक्टरांनी सांगितले की गेले ते परत येणार नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या बारीक पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वर्गात माझी हाक त्याला का ऐकू येत नव्हती, ते मला त्या दिवशी कळले.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून हे आकडे फळ्यावर लिहाच. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास, यापुढे कानाला धोका. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. अठ्ठ्याऐंशीला चार तास, आणि शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. मिरवणूक किती तास चालते, ते तुम्हीच मोजा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे. वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. कायदा शेजाऱ्यासाठी आहे असे आपण समजतो. भिंतीशेजारी उभ्या असलेल्या पोराला विचारतो कोण?

घरी शिकणाऱ्याने हेडफोनचा आवाज असा ठेवावा, की खोलीत कोणी साध्या आवाजात हाक मारली तरी ऐकू यावी. पडद्यावर आवाजाची पट्टी हिरवी, पिवळी, तांबडी होते. तांबड्यात गेली की सूर फाटतो. सुरुवातीला एकाच ठेक्याची दोन गाणी घ्या आणि सिंक बंद ठेवा. बोटांवर मोजत सम सापडते का पाहा. चुकलात तर बिघडत काहीच नाही, ऐकणारे तुम्ही एकटेच असता.

तो मुलगा आता गाडीबरोबर जात नाही. घरची तोंडमिळवणी त्या पैशांवर होती, म्हणून हे सोपे गेले नाही. सुट्टीत तो एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या चित्रफितींना संगीत जोडतो. वर्गात पहिल्या बाकावर, उजवा कान माझ्याकडे येईल असा बसतो. यंदाच्या संमेलनालाही कॉम्प्युटरवर तोच होता. झांजेसाठी त्याने धाकट्या बहिणीला शेजारी बसवले होते. टिपेची खुंटी तिच्या हातात, बाकी सारे त्याच्या. आठाचे गाणे संपवून सहाचे उचलताना मधे अजूनही तो चुलत्याच्या हलगीचा तोच तुकडा टाकतो.