अर्जातला एक प्रश्न



वसंतात व्याख्याने भरविण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे पंडित बोलून गेले. मी त्यांच्यातला नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले आणि त्याहून अधिक न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर झाले. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तीस वर्षे कारखान्यातल्या कामगारांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची आणि वनजमीन कसणाऱ्यांची कामे करताना जे कागद हाती आले, तेच माझे ग्रंथ. आज त्यांतल्याच एका कागदाविषयी बोलणार आहे.

‘पोलिसांत नाव नोंदलेल्या माणसाने परदेश पाहण्यासाठी व्हिसा कसा मागावा’ हा विषय मी कळविला, तेव्हा संयोजक जरा थबकले. हे ऐकायला कोण येणार, असे त्यांना वाटले असावे. आता समोर पाहतो तर सभागृह भरलेले आहे. यावरून काय समजायचे ते मी समजलो. (हशा)

आमचे एक जुने सभासद आहेत. नाव सांगत नाही. मुरबाडकडचे आहेत, एवढे पुरे. एका कारखान्यात बावीस वर्षे यंत्रावर उभे राहिले. त्यांची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन इंग्लंडला गेली, तिथेच तिचा संसार झाला. तिला दिवस गेले तेव्हा तिने आईवडिलांना बोलाविले. पासपोर्ट निघाला. व्हिसाचा अर्ज हल्ली संगणकावर भरावयाचा असतो. मुलगी तिकडून फोनवर एकेक प्रश्न वाचीत होती आणि हे इकडून उत्तर देत होते. नाव, गाव, पगार, बँकेतली शिल्लक, सगळे झाले. मग तिने विचारले, “बाबा, कुठल्याही देशात तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का, असं विचारलंय. नाही लिहू ना?” हे गप्प झाले. “जरा थांब, मग सांगतो,” म्हणाले, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले.

“भाऊ,” ते म्हणाले, “मी कोणाचं काही चोरलं नाही. पण पोरीला काय सांगू?”

झाले होते असे. सतरा-अठरा वर्षांपूर्वी त्या कारखान्यात संप झाला. मनाई हुकूम असताना आम्ही मोर्चा काढला. पोलिसांनी तेवीस जणांवर मुंबई पोलीस कायद्याच्या ३७ आणि १३५ कलमांखाली गुन्हा नोंदविला. खटला पाच वर्षे रेंगाळला. प्रत्येक तारखेला एक रोज बुडायचा, वर एस्टीचे भाडे. शेवटी वकील म्हणाले, “कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.” सर्वांनी हात जोडून कबूल केले, तीनशे तीनशे रुपये भरले आणि संध्याकाळी घरी आले. मीही त्या दिवशी तिथे होतो. ‘सुटलो’ म्हणून आम्ही सर्वांनी चहा घेतला.

सभ्य गृहस्थहो, आम्ही सुटलो नव्हतो. आम्हांला शिक्षा झाली होती. गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही कायद्याने शिक्षाच असते, मग रक्कम तीनशे असो की तीन लाख. हे त्या तेवीस जणांपैकी कोणाला ठाऊक नव्हते आणि त्यांचा पुढारी म्हणवणाऱ्या मलाही ठाऊक नव्हते. हा दोष माझा आहे. तो या व्यासपीठावरून कबूल करतो. इथे तरी दंड होणार नाही अशी आशा आहे.

गावातला अर्ज भरून देणारा एजंट त्यांना म्हणाला होता, “‘नाही’ लिहा. इंग्लंडच्या साहेबाला आपलं कोर्ट कुठं ठाऊक?” असा सल्ला आपणांपैकीही कोणी ऐकला असेल. तो किती घातक आहे हे आकड्यांनीच सांगतो. ब्रिटनचा नियम असा, की बारा महिने किंवा अधिक कैद झालेल्याला व्हिसा नाकारायचा. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला कैद न होता केवळ दंड झाला असेल, तर शिक्षेच्या तारखेपासून बारा महिने उलटल्यावर तेवढ्याच कारणाने त्याला अडविण्याचा हा नियम लागत नाही. आमच्या माणसाच्या दंडाला बारा वर्षे उलटली होती. म्हणजे खरे लिहिले तर त्या नियमाची आडकाठी नव्हती. आणि खोटे लिहिल्याचे उघड झाले तर? दहा वर्षांपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. अमेरिकेत खोटे सांगून व्हिसा मागणाऱ्यावर, खास सूट मिळाली नाही तर, जन्मभराची बंदी येते. कॅनडात पाच वर्षांची. तीनशे रुपयांचा गुन्हा झाकण्यासाठी दहा वर्षांचा गुन्हा करायचा, हा कुठला हिशेब?

निरनिराळ्या देशांचे गज निरनिराळे आहेत. ऑस्ट्रेलियात एकूण बारा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झालेला माणूस ‘चारित्र्याच्या कसोटी’त अडकतो. अमेरिका विचारते की तुम्हांला कधी अटक तरी झाली होती का. म्हणजे निर्दोष सुटलेल्यालाही ‘होय’ लिहावे लागते. मात्र निव्वळ राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्याला तिथल्या कायद्यात सूट आहे. जपानच्या कायद्यातही एक वर्षाहून कमी नसलेल्या शिक्षेची अट आहे आणि तिथेही राजकीय गुन्हा वगळलेला आहे. कॅनडा पाहतो की हेच कृत्य त्यांच्या देशात घडले असते तर कोणता गुन्हा ठरला असता.

आता घरचा कायदा पाहू. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंत सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून सरकारला पासपोर्ट अडविता येणार नाही. मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने पुढे सांगितले, की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली रीतही न्याय्य हवी. या कायद्यात सहावे कलम आहे. मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांहून कमी नाही अशी कैद झाली असेल, किंवा फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो.

म्हणजे गंमत पाहा. पासपोर्टचा अर्ज त्या मोठ्या शिक्षेविषयी विचारतो, म्हणून आमच्या माणसाने तिथे ‘नाही’ लिहिले. ते खरे होते. व्हिसाचा अर्ज कुठल्याही शिक्षेविषयी विचारतो, तिथे ‘होय’ लिहायचे, तेही खरेच. माणूस एक, आयुष्य एक, आणि दोन्ही उत्तरे सत्य. म्हणून मी सांगत असतो, की प्रश्न दोनदा वाचा. घाबरलेला माणूस प्रश्न वाचीत नाही, तो आपली भीती वाचतो.

आमच्या माणसाची भीती काय होती? तुरुंगाची नव्हती. मुलीच्या सासरी कळेल, जावई काय म्हणेल, ही होती. ‘गुन्हेगार’ हा शब्दच असा आहे. आपल्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्या दिवशीच्या सरकारी दप्तरात ते गुन्हेगारच होते. आज आपण तिथे फुले वाहतो. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दोनदा शिक्षा झाली होती, १८९७ साली आणि १९०८ साली. १९१८ मध्ये होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन ते विलायतेला निघाले आणि कोलंबोपर्यंत पोचल्यावर परवाने रद्द झाले. त्याच वर्षी चिरोलवरच्या दाव्यासाठी त्यांना जाऊ दिले, तेही राजकीय चळवळ करणार नाही या अटीवर. मी आमच्या तेवीस जणांना टिळकांच्या पंक्तीला बसवीत नाही. एवढेच म्हणतो, की दप्तरातला शब्द आणि माणूस यांच्यात अंतर असू शकते. उलट, ज्याने दुबळ्याला लुबाडले किंवा बाईमाणसाला मारहाण केली, त्याने आमच्या मोर्चाच्या आडोशाला उभे राहू नये.

आणि हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या चार लोकांचाच आहे असे समजू नका. शहापूरच्या जंगलपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर नांगर धरला म्हणून माणसांवर वनगुन्हे दाखल झाले. त्यांच्यावर अन्याय झाला हे संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले. पण ती जुनी नोंद कोण पुसणार? अशी नोंद असलेला तरुण पोलीस भरतीला गेला की चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. त्याने लपविली तर लपविल्याबद्दल जातो, सांगितली तर भीतीने अर्धा होतो.

मग करावे काय? माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, वकिलाने ‘कबूल करा’ म्हटले तर ‘याने मला शिक्षा झाली असे होईल का?’ हे आधी विचारा. न्यायालयाला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते आणि त्याच्या बाराव्या कलमाने शिक्षेमुळे येणारी अपात्रता टळते. मात्र परदेशाच्या अर्जात विचारले तर तेही सांगावे लागते. दुसरी, चळवळीतले खटले सरकारी वकिलाला न्यायालयाच्या संमतीने मागे घेता येतात. जुन्या फौजदारी संहितेत ते ३२१ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३६० वे आहे. पुढाऱ्यांनी भाषणाइतकाच उत्साह या अर्जांत दाखवावा. मी हे स्वतःलाही सांगतो. तिसरी, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात काढून जपून ठेवा. चौथी, खटला चालू असेल तर निराश होऊ नका. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाने परदेशी जाण्यास परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळू शकतो.

आमच्या माणसाजवळ नक्कल नव्हती. न्यायालयात शोध घेतला, तर खटल्याचे मूळ कागद मुदतीनंतर नष्ट केलेले. सात हेलपाट्यांनंतर नोंदवहीतला उतारा मिळाला: तारीख, कलम, दंड रुपये तीनशे. त्याचे भाषांतर करून घेतले आणि सोबत एक साधे पत्र जोडले. पण त्याआधी त्यांना मुलीला फोन करायचा होता. तो त्यांनी माझ्या कचेरीतून केला. सगळे सांगितले. तिकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “बाबा, त्या वर्षी आपण दिवाळी केली नव्हती, ते मला आठवतंय. का ते कोणी सांगितलं नव्हतं.” आणि तिने ‘होय’ लिहिले.

तीन आठवड्यांनी व्हिसा आला. दोघे गेली, नातू पाहिला, थंडीला कंटाळली आणि मुदतीच्या आधी परत आली.

माझ्यावर अजून दोन खटले चालू आहेत. मीही न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट काढला. आदेशात मुदत लिहिलेली नव्हती, म्हणून तो एका वर्षाचाच मिळाला. मला जायचे कुठेच नाही. आसनगावहून गाडी पकडून ठाण्यापर्यंत गेलो की माझा परदेश संपतो. पण बाकीच्या बावीस जणांना दाखवायला तो कागद उपयोगी पडतो. त्यांतल्या नऊ जणांचे उतारे आम्ही काढले आहेत. तेरा राहिले आहेत. या सभागृहात जे वकील बसले असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला जरूर भेटावे.