मधुमेह, इन्सुलिन पंप आणि आखाडा
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मधुमेह झालेल्या मुला-मुलींनी कराटे, ज्युदो, बॉक्सिंग, कुस्ती असे अंगाला अंग भिडणारे खेळ खेळावेत काय, असा प्रश्न आपल्या वस्तीतील पालक आम्हांस विचारतात. घरचे म्हणतात, "नको." शिक्षक म्हणतात, "जबाबदारी कोण घेणार?" मग मूल एक तर घरी बसते, नाहीतर आजार लपवून खेळते. आमच्या मते यांतील दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. आमचे उत्तर असे की, डॉक्टरांच्या संमतीने जरूर खेळावे. पण शिस्तीने आणि उघडपणे खेळावे.

मधुमेह म्हणजे आयुष्याचा शेवट, असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. त्यांना मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. गिरगावातील डॉ. मालवणकर यांच्याकडे ते उपचार घेत. तेथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबर रोजी त्यांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. आजार होता, त्याची काळजीही घेतली जात होती आणि कार्यही थांबले नव्हते.

लहान वयात होणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवीतच नाही. ही आई-वडिलांची चूक नव्हे आणि गोड खाल्ल्याचा परिणामही नव्हे. १९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन रुग्णास दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज इन्सुलिन पंप नावाचे पत्त्यांच्या जोडाएवढे यंत्र मिळते. त्वचेखाली बसवलेल्या बारीक नळीतून ते दिवसरात्र इन्सुलिनची संथ धार सोडते व जेवणाच्या वेळी बटण दाबून जादा मात्रा देते. नळीची जागा दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते.

आता आखाड्यातील गोष्ट. ज्युदोत अंगावर कठीण वस्तू चालत नाही. कराटेच्या लढतीत पंपावर लाथ बसली तर यंत्र फुटेल आणि पोटालाही इजा होईल. म्हणून लढतीपूर्वी पंप काढून ठेवावा लागतो. परंतु पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते, अंगात साठा राहत नाही. यंत्र फार वेळ बाजूला राहिले तर काही तासांतच साखर चढते आणि रक्तात किटोन हे विषारी आम्ल साचू लागते. म्हणून साधारणतः दोन तासांच्या आत पंप पुन्हा जोडावा. काढलेला पंप मुंबईच्या उन्हात मैदानावर टाकू नये. उष्णतेने इन्सुलिन निकामी होते.

सरावापूर्वी रक्तातील साखर तपासावी. ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे. २५० च्या वर असेल तर किटोन तपासावेत; ते आढळल्यास त्या दिवशी सराव नाही. आदल्या चोवीस तासांत साखर उतरून दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असेल, तरीही सराव नाही. दीर्घ सरावाने साखर उतरते. उलट स्पर्धेच्या ताणाने ती चढते आणि नंतर रात्री झोपेत एकदम उतरते. म्हणून चढलेली साखर पाहून घाईने जादा इन्सुलिन घेऊ नये, झोपण्यापूर्वी पुन्हा तपासावे.

प्रशिक्षकांना विशेष सांगावयाचे आहे. घाम, थरथर, बडबड, तोल जाणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. डोक्याला मार बसल्यावरही मूल असेच दिसते. अशा वेळी लढत थांबवा, ताबडतोब साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल व मूल शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नका, रुग्णालय गाठा. साखर ठीक निघाली तर डोक्याच्या माराचा संशय धरा. साखर कमी निघाली तरी डोके तपासून घ्यावेच. वजनगटासाठी इन्सुलिन टाळून वजन उतरवणे म्हणजे मृत्यूशी खेळ आहे, हे मुलांना बजावून सांगा. डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला असेल तर डोक्यावरचे ठोसे वर्ज्य. अनवाणी खेळणाऱ्याने रोज तळपाय पाहावेत.

पंपाची किंमत लाखांत जाते. गिरणगावातील किती घरांना ती परवडेल? परंतु पंप नाही म्हणून आखाडा बंद, असे नाही. सुईने इन्सुलिन घेणारेही खेळू शकतात. मात्रा व वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. परळला १९२६ पासून रुग्णसेवा करणारे के.ई.एम. रुग्णालय आपल्या दाराशी आहे. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजचा डबा प्रत्येक व्यायामशाळेत ठेवणे मात्र आपल्या संस्थेस सहज शक्य आहे. हा ठराव आजच व्हावा, अशी आमची विनंती आहे.

मोठ्या स्पर्धेत उतरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, इन्सुलिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. उपचारासाठी रीतसर सवलत आधी मिळवावी लागते. इंग्लंडमधील मुहम्मद अली या बॉक्सरला पहिल्या प्रकारच्या मधुमेहामुळे २०१५ साली व्यावसायिक परवाना नाकारला गेला. त्याने वैद्यकीय पुराव्यांनिशी दाद मागितली आणि २०१८ साली तो व्यावसायिक रिंगणात उतरला. हक्क असा अभ्यास करून मागावा लागतो.

भगवान बुद्धांच्या काळी सोण नावाचा भिक्खू पायांतून रक्त येईतो चालत राहिला. तथागतांनी त्यास वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर निघत नाही, सैल सोडली तरी निघत नाही. मधुमेही खेळाडूचा मार्ग हाच मध्यम मार्ग होय. भीतीने घरी बसणे हे एक टोक, आजार नाकारून झुंजणे हे दुसरे. आणि रोज बोटावर सुई टोचून स्वतःच्या शरीराचे सत्य पाहणारे मूल सम्यक स्मृतीचाच अभ्यास करीत असते.

लालबाग, परळ, दादरच्या पालकांनो, मुलांचा आजार झाकू नका. शिक्षकांनो, त्यांना दारातून परत पाठवू नका. विद्यार्थी मित्रहो, अत्त दीप व्हा. आपली साखर आपण तपासा आणि ताठ मानेने आखाड्यात उतरा.

जयभीम! नमो बुद्धाय!