आधी गणवेश की आधी मैदान?

(कळंब, ता. आंबेगाव येथे युवक व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मंचर ओलांडून कळंबकडे येताना पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. कुणाला सैन्यभरतीची १६०० मीटरची धाव वेळेत पूर्ण करायची असते, कुणी कबड्डीसाठी दम वाढवीत असतो. पुष्कळदा ही दोन्ही स्वप्ने एकाच मुलाची असतात, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो की आधी काय?

अमेरिकेत हा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत गेला. सैनिकी अकादमीतून पदवी घेतलेल्या गुणी खेळाडूला आधी व्यावसायिक संघात खेळू द्यावे आणि सेवा नंतर घ्यावी, अशी मुभा देण्याचा आदेश २०१९ मध्ये तिथे निघाला. त्याच देशातला रॉजर स्टॉबॅक मात्र १९६५ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडला, व्हिएतनाममध्ये कर्तव्य बजावून आला आणि १९६९ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला. चार वर्षे गेली म्हणून त्याचा खेळ संपला नाही.

पण उदाहरणासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. पुण्यात १९१९ साली जन्मलेले लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी आज तरुणांना फारसे ठाऊक नसावेत, हे आपल्या स्मरणशक्तीचे दुर्दैव. १९४७ ते १९५९ या बारा वर्षांत ते भारताकडून अवघे एकवीस कसोटी सामने खेळले. गुणवत्ता कमी होती असे नव्हे. १९४८ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत शेवटच्या जोडीसाठी गुलाम अहमद यांच्यासह १०९ धावांची भागी केली. तो भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला. तरीही सैन्यातील जबाबदाऱ्यांमुळे क्रिकेट त्यांच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांनी आले. १९५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत भारताने तीन कर्णधार बदलले. पाचव्या कसोटीसाठी या सैनिकाला बोलावणे आले. वय एकोणचाळीस! त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळी घेतले, सामना अनिर्णित राखला. ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. पुढे १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा व्यवस्थापक हेच होते. मैदानावरची त्यांची शिस्त छावणीतून आलेली होती.

त्यांनी काही गमावले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सेवेत नसते तर कदाचित चाळीस कसोट्या खेळले असते. शरीराला आपले वय असते. जलतरणात किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये विशीतली तीन-चार वर्षे गेली की ती परत मिळत नाहीत. सेवा पुढे ढकलू द्या म्हणणाऱ्यांची ही बाजू खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

मात्र आपल्याकडचा अनुभव काही वेगळेही सांगतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम पाहून झाल्यावर तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. हा धावपटू गणवेशातच सापडला. आधी खेळ, मग सेवा, असा हट्ट धरता तर काय पुढे ढकलणार होता? खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवले, तेही सेवेतील अधिकारी असतानाच.

आपल्या सैन्याने या पेचावर स्वतःचा तोडगा काढला आहे. पुण्यात २००१ मध्ये आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभी राहिली. लहान वयाच्या मुलांसाठी बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. नीरज चोप्रासारख्या खेळाडूला २०१६ मध्ये थेट नायब सुभेदार म्हणून घेतले गेले. देशासाठी खेळणे हे इथे कर्तव्याचाच भाग मानले जाते.

अडचण येते ती व्यावसायिक लीगच्या बाबतीत. २००८ मध्ये आयपीएल आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी, आणि गावोगावच्या मुलांना लिलावाचे आकडे पाठ झाले. त्यात गैर काही नाही; घाम गाळून मिळवलेला पैसा आहे. परंतु प्रबोधिनीची जागा ही वेगळी गोष्ट आहे. तीन वर्षे खडकवासल्याला, सैन्यासाठी पुढे एक वर्ष डेहराडूनला, आणि त्याचा भार सरकारी तिजोरीवर. शिवाय त्या जागेसाठी लाखो मुले परीक्षेला बसतात. एकाने ती घेतली म्हणजे दुसऱ्या कुणाची गेली. प्रशिक्षण पुरे करून मालकाच्या संघाकडून खेळायला निघणाऱ्याला तुकडीची वाट पाहायला लावता येणार नाही. सीमेवरची तुकडी अधिकाऱ्याविना थांबत नाही. ज्याला लीगच खेळायची आहे त्याने ती मनापासून खेळावी, पण प्रबोधिनीचा अर्ज भरण्यापूर्वी हे ठरवावे. शपथ घेतल्यानंतर सवलत मागणे शोभत नाही.

जवान होऊ पाहणाऱ्या मुलाची गोष्ट अधिक नाजूक आहे. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली, तिची सेवा चार वर्षांची, आणि भरतीची वयोमर्यादा कुणासाठी थांबत नाही. ‘आधी दोन मोसम खेळतो, मग भरती बघू’ असे म्हणणाऱ्याच्या हातून दोन्ही निसटण्याचा धोका मोठा. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना क्रीडा कोट्यातून प्रवेशाचा मार्ग असतो, हे मात्र अनेक घरांना माहीतच नसते. प्रमाणपत्रे आई जपून ट्रंकेत ठेवते आणि ती पुन्हा बाहेर येतात ती थेट लग्नाच्या वेळी! आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा. प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे आहे, त्यावर तारीख कोणती आहे, हे पाहा आणि मुलाचे वय उलटून जाण्यापूर्वी पुण्याच्या भरती कार्यालयात जाऊन विचारा.